तपासणीच्या आधी, तपासणीच्या दिवशी आणि रिपोर्ट येईपर्यंत

कॅन्सरचा इलाज संपला की घरात पेढे येतात, आणि फाइलच्या शेवटच्या पानावर डॉक्टरांनी लिहिलेलं असतं : तीन महिन्यांनी दाखवा. ऑपरेशन, किमो, रेडिएशन चालू असताना माणसं धावून येतात. डबे येतात, रक्त द्यायला भाचे-पुतणे उभे राहतात. फॉलोअपच्या वेळी मात्र ‘आता काय, नुसती जांच तर आहे’ म्हणून जो तो आपल्या कामाला लागतो. इंदूरच्या आपल्या मराठी घरांमध्ये, रामबागेत असोत की लोकमान्य नगरात, हे सर्रास दिसतं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात पेशंटला रात्री झोप लागत नाही, खोकला आला तरी छातीत धस्स होतं.

या दिवसांतली सोबत ‘काही होणार नाही, सगळं चांगलंच येणार’ असं म्हणून होत नाही. ते वाक्य ऐकलं की पेशंट पुढचं बोलायचंच थांबवतो. सोबत होते ती कामं वाटून घेतल्याने. फाइल कोणाकडे, आदल्या दिवशीचं जेवण कोण बघणार, सेंटरवर कोण बसणार, रिपोर्ट आधी कोण उघडणार. ही कामं नीट करायची तर तपासण्यांची थोडी माहिती हवी, म्हणून हे सविस्तर लिहिलं आहे. प्रत्येकाचा आजार वेगळा, तेव्हा आपल्या डॉक्टरांनी आखून दिलेलं वेळापत्रक सगळ्यात आधी.

पहिली गोष्ट म्हणजे कोणत्या तपासण्या लागतात आणि कोणत्या लागत नाहीत. तोंडाचा, जिभेचा, घशाचा कॅन्सर माळव्यात तंबाखू-गुटख्यामुळे भरपूर आहे. त्यात सगळ्यात मोठी तपासणी म्हणजे डॉक्टरांची नजर आणि बोटं. पहिल्या वर्षी दर १ ते ३ महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर २ ते ६ महिन्यांनी दाखवायचं असतं, कारण हा आजार उलटलाच तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. ‘दुखत तर नाही, मग कशाला जायचं’ हा विचार इथे महाग पडतो. मानेला रेडिएशन झालं असेल तर दर ६ ते १२ महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासायचं. रेडिएशनमुळे थायरॉइड हळूहळू मंदावते. मग थकवा, थंडी वाजणं, वजन वाढणं, उदास वाटणं सुरू होतं आणि घरचे ते इलाजाचा अशक्तपणा समजून बदाम खाऊ घालत राहतात. खरं तर साध्या गोळीने फरक पडतो.

स्तनाच्या कॅन्सरनंतर दर ३ ते ६ महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी, हा मुख्य कणा. काही त्रास नसताना दर वेळी पेट स्कॅन (साखर जास्त ओढणाऱ्या पेशी दाखवणारा स्कॅन) आणि मार्कर (कॅन्सरशी संबंधित रक्तातले आकडे) करायला मोठ्या मार्गदर्शक सूचना सांगत नाहीत. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं उलट आहे : तिथे सीईए ही रक्ताची तपासणी पहिली दोन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी सांगतात, आणि साधारण एका वर्षाने कोलोनोस्कोपी. म्हणजे शेजारच्या काकूंचं वेळापत्रक आपल्या आईला लावता येत नाही.

काही तपासण्या आजारासाठी नसून औषधासाठी असतात, आणि नेमक्या त्याच राहून जातात. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरची गोळी) चालू असताना पाळी गेलेल्या बाईला थोडा जरी रक्तस्राव झाला, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं. त्याच आजारातल्या लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोलसारख्या गोळ्यांनी हाडं विरळ होतात, म्हणून साधारण दर दोन वर्षांनी हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी. ट्रॅस्टुझुमॅब हे औषध मिळालं असेल तर ठरलेल्या अंतराने इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध मिळालं असेल तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि कानांकडे लक्ष. पेशंट टीव्हीचा आवाज वाढवत असेल तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. छातीत किमो पोर्ट (औषध द्यायला कातडीखाली बसवलेली डबी) अजून ठेवलेला असेल, तर तो ठरलेल्या मुदतीत फ्लश करून, म्हणजे आतून धुऊन घ्यावा लागतो. इलाज संपल्यावर तो हमखास विसरला जातो.

घरात वाद होतो तो दुसऱ्याच मुद्द्यावर. ‘पैसे जाऊ देत, पण एकदा पूर्ण बॉडीचा पेट करून टाकू, म्हणजे मनाला शांती.’ हे म्हणणारा मुलगा प्रेमानेच म्हणत असतो. पण विनाकारण केलेल्या स्कॅनमध्ये एखादी बारीक गाठ, जुन्या टीबीचा डाग, यकृतातली साधी पाण्याची पिशवी दिसते, आणि तिचा पाठपुरावा करण्यात पुढचे तीन महिने जातात. अंडाशयाच्या कॅन्सरबाबत तर याचा मोठा अभ्यास झाला आहे. सीए-१२५ हा रक्तातला मार्कर वाढलेला दिसताच किमो सुरू केलेल्या बायका आणि लक्षणं येईपर्यंत थांबलेल्या बायका यांच्या आयुष्यमानात फरक पडला नाही, असा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर किमो घेणाऱ्यांचे बरे दिवस मात्र लवकर संपले. म्हणून डॉक्टर जी तपासणी लिहीत नाहीत ती आग्रहाने लिहून घेऊ नका. त्याऐवजी विचारा, ‘कोणतं लक्षण दिसलं तर आम्ही तारखेची वाट न बघता यायचं?’ उत्तर लिहून घ्या आणि फ्रिजवर लावा. तोंडातला दोन-तीन आठवड्यांत न भरलेला चट्टा, नवीन गाठ, न थांबणारी हाडदुखी, रक्त, कारण नसताना घटणारं वजन, अशी ती यादी असेल.

आता फाइल. जाड प्लॅस्टिक कप्प्यांची फाइल घ्या आणि सगळ्यात वर चार कागद ठेवा : बायोप्सीचा मूळ रिपोर्ट, ऑपरेशननंतरचा हिस्टोपॅथॉलॉजी (काढलेल्या भागाच्या तपासणीचा) रिपोर्ट, डिस्चार्ज समरी, आणि किमो-रेडिएशनचा सारांश. रेडिएशनच्या सारांशात एकूण किती ग्रे (रेडिएशनचं माप) आणि किती फ्रॅक्शन (किती वेळा दिलं) हे असायलाच हवं, किमोच्या सारांशात प्रत्येक औषधाचं नाव आणि एकूण डोस. हे नसेल तर आताच मागून घ्या. पाच वर्षांनी डॉक्टर बदललेले असतात, विभागाचं कॉम्प्युटर बदललेलं असतं. स्कॅनचे छापील फोटो पुरत नाहीत, सीडी किंवा पेनड्राइव्ह हवा. नव्या स्कॅनमध्ये ६ मिलिमीटरची गाठ दिसली आणि आधीच्या सीडीतही ती ६ मिलिमीटरच होती, तर रेडिओलॉजिस्ट ‘बदल नाही’ लिहितो. जुनी सीडी मिळाली नाही तर त्याला ‘तीन महिन्यांनी पुन्हा करा’ असं लिहावं लागतं. एक सीडी घरी विसरल्याने माणूस तीन महिने धास्तीत राहतो. म्हणून फाइलची जबाबदारी एकाच माणसाकडे असावी, आणि तो माणूस शक्यतो पेशंट नसावा.

रक्ताच्या तपासण्या सोप्या वाटतात, पण घोळ इथेच होतो. मार्कर दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. दोन लॅबच्या मशीनची पद्धत वेगळी असली तर त्याच रक्ताचा आकडा वेगळा येऊ शकतो, आणि घरात रडारड होते. डॉक्टर एका आकड्यापेक्षा दोन-तीन वेळच्या आकड्यांचा कल बघतात. सीईए विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये थोडा जास्तच असतो. पित्ताच्या खड्यांनी कावीळ झाली तर सीए १९-९ हा मार्कर वाढतो. पाळीच्या दिवसांत, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या आतल्या थरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) आणि पोटाच्या टीबीतही सीए-१२५ वाढतो. हे ठाऊक असलं की आकड्याची धास्ती थोडी कमी होते.

एक गोष्ट फार कमी घरांत माहीत असते. किमोनंतर केस लवकर यावेत म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेतल्या जातात. मोठ्या मात्रेतलं बायोटिन काही लॅबच्या पद्धतींमध्ये घोळ घालतं : टीएसएच, थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्या कॅन्सरचा मार्कर) यांसारखे आकडे खोटेच कमी किंवा जास्त दिसतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. म्हणून केसांच्या, नखांच्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा आणि रक्त देण्याआधी किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारा. साधारण दोन-तीन दिवस सांगतात. काढ्यांचंही तसंच. गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला सूज आल्याची उदाहरणं आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत. फॉलोअपला लिव्हरचे आकडे वाढलेले दिसले आणि काढ्याची गोष्ट लपवली, तर डॉक्टर कॅन्सर यकृतात शिरला का, हे शोधत बसतात.

किमोने हाताच्या शिरा कडक झालेल्या असतात. रक्त द्यायला जाताना (मनाई नसेल तर) दोन ग्लास पाणी पिऊन जावं, थंडीत हात गरम पाण्याने शेकून घ्यावा. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर कोणत्या हातातून रक्त काढायचं ते सर्जनने सांगितलेलं असतं. सोबत्याने ते सुई लागायच्या आत टेक्निशियनला सांगावं. पेशंट तोपर्यंत डोळे मिटून बसलेला असतो.

डॉक्टरांनी पेट स्कॅन लिहिला असेल तर तयारी आदल्या दिवसापासून. या तपासणीत ग्लुकोजसारखं किरणोत्सर्गी औषध शिरेतून देतात आणि ज्या पेशी साखर जास्त ओढतात त्या चमकतात. म्हणून शरीरातली साखर आणि इन्शुलिन शांत हवं. आता इंदुरातला आदला दिवस डोळ्यांसमोर आणा : सकाळी पोहे-जलेबी, दुपारी वरण-भात-पोळी, संध्याकाळी कचोरी, हिवाळा असेल तर सराफ्यात गराडू. त्या दिवशी हे सगळं बंद. उपास असला तरी साबुदाण्याची खिचडी, रताळं, केळं नको. पनीर, अंडी, चिकन, पालेभाजी, काकडी, बिनसाखरेचं दही असं जेवण बहुतेक सेंटर सांगतात. स्कॅनआधी किमान सहा तास पोट रिकामं. साधं पाणी मात्र भरपूर प्यायचं. चहाचा घोट, सौंफ, खडीसाखर, सुपारी, च्युइंगम काही नाही. चघळल्याने जबड्याचे स्नायू चमकतात, आणि तोंडाच्या पेशंटमध्ये तर तिथेच बघायचं असतं. घरातल्यांनी त्या दिवशी तेच जेवण जेवावं. सगळ्यांपुढे पोहे आणि एकापुढे काकडी, हे बरं नाही.

मधुमेह असेल तर हा भाग जास्त काळजीचा. साखर साधारण २०० च्या वर गेली तर बहुतेक सेंटर स्कॅन पुढे ढकलतात, काही ठिकाणी मर्यादा याहून खाली असते. इन्शुलिन घेऊन लगेच स्कॅन केला तर औषध स्नायूंमध्ये जातं आणि चित्र बिघडतं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीमुळे आतडी चमकतात, म्हणून पोटाचा प्रश्न असेल तर काही डॉक्टर ती दोन दिवस बंद ठेवायला सांगतात. यातलं काहीही स्वतः ठरवू नका. अपॉइंटमेंट घेतानाच ‘शुगर आहे, ही औषधं चालू आहेत’ असं फोनवर सांगा आणि सकाळची लवकरची वेळ मागा.

आदल्या दिवशी जोरात चालणं, जिना चढउतार, जड उचलणं टाळायचं, नाहीतर स्नायू चमकतात. थंडीचंही बघावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत इंदूरची पहाट बोचरी असते. शरीर गारठलं की मानेजवळची विशिष्ट चरबी उष्णता तयार करायला साखर ओढते आणि रिपोर्टमध्ये मानेच्या दोन्ही बाजू उजळतात. ते गाठींसारखं दिसून गोंधळ होऊ शकतो. म्हणून स्कूटरवर नेऊ नका. रिक्षा किंवा गाडी, स्वेटर, कानटोपी, मोजे, आणि सेंटरच्या एसीत पांघरायला शाल.

इंजेक्शननंतर साधारण एक तास पेशंटला अंधाऱ्या खोलीत एकट्याने, न बोलता, न हलता पडून राहावं लागतं. मोबाइलही नाही. सोबत्याला आत सोडत नाहीत. तपासणीतला सगळ्यात अवघड तास हाच, आणि याची कल्पना कोणी देत नाही. आधीच बोलून ठेवा : तासभर मनात काय म्हणायचं, कोणतं स्तोत्र, कोणत्या गल्लीतून कुठे फिरायचं, काय आठवायचं. मग लघवी करून मशीनवर वीस-तीस मिनिटं. घरी आल्यावर भरपूर पाणी, आणि सेंटर सांगेल तितके तास लहान मुलं मांडीवर घ्यायची नाहीत, गरोदर सुनेच्या जवळ बसायचं नाही. गरोदर बाईला सोबत म्हणून नेऊच नये. औषधाचा जोर दर ११० मिनिटांनी अर्धा होतो, त्यामुळे संध्याकाळपर्यंत प्रश्न उरत नाही. पण आजोबांनी नातवाला का दूर केलं हे नातवाला सकाळीच सांगितलेलं बरं.

सेंटरवर भरायच्या फॉर्ममध्ये नुकताच झालेला ताप, काढलेली दाढ, पडल्याचा मार, गेल्या महिन्या-दीड महिन्यातली लस हे सगळं लिहा. लस घेतल्यावर त्या बाजूच्या काखेतल्या गाठी चमकतात. तोंड-घशाच्या रेडिएशननंतरचा पेट साधारण बारा आठवड्यांनी करतात, कारण त्याआधी सुजेमुळे सगळंच उजळ दिसतं. घाई करून आठव्या आठवड्याला उरकायचा हट्ट करू नका.

बाकीच्या तपासण्या थोडक्यात. कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसण्यासाठी शिरेतून द्यायचं औषध) देऊन सीटी असेल तर नुकतंच केलेलं क्रिएटिनिन लागतं; औषध जाताना अंगभर गरम लाट येते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं, ते नेहमीचं आहे. एमआरआयला मंगळसूत्र, जोडवी, नथ, बांगड्या, सेफ्टी पिन घरीच काढून ठेवा. बोटात रुतलेली जोडवी तिथे साबण लावून काढताना पेशंट रडकुंडीला येतो. मॅमोग्राफीला काखेत पावडर, डिओ लावू नये, त्याचे कण चित्रात दिसतात. कोलोनोस्कोपीची खरी परीक्षा आदल्या रात्री असते : लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी बंद, दोन दिवस बियांचं काही नाही (पेरू, टोमॅटो, तीळ, भेंडी), मग जुलाबाचं औषध दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता पहाटे येतो आणि लोक तोच टाळतात. आतडं साफ होत नाही आणि तपासणी पुन्हा करावी लागते. घरात एकच संडास असेल तर त्या रात्री पाहुणे ठेवू नका. भूल दिलेली असल्याने परत नेणारं माणूस हवंच, आणि त्या दिवशी पेशंटने गाडी चालवायची नाही.

आता रिपोर्ट. हल्ली तो डॉक्टरांच्या आधी आपल्या व्हॉट्सअॅपवर येतो, बऱ्याचदा रात्री. त्यामुळे तपासणीच्या आधीच ठरवा की नंबर कोणाचा द्यायचा आणि उघडायचा कोणी. पेशंटला स्वतः वाचायचा असेल तर तो त्याचा हक्क आहे. डॉक्टरांसमोरच ऐकायचा असेल तर तोपर्यंत कोणीच उघडू नये, कारण वाचलेल्याचा चेहरा लपत नाही. आणि लपवालपवी करू नका. ‘आईला कशाला सांगायचं, खचेल’ म्हणून अर्धा रिपोर्ट गाळणारी घरं बरीच आहेत. आईला ते कळतंच, फक्त मग ती एकटी पडते.

वाचायचाच तर शेवटचा ‘इंप्रेशन’चा भाग बघा आणि दोनच प्रश्न विचारा : नवीन काही आहे का, आणि जुनं वाढलं आहे का. ‘नॉनस्पेसिफिक’, ‘सबसेंटीमीटर’, ‘क्लिनिकल कोरिलेशन’ या शब्दांचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच की रेडिओलॉजिस्टला दिसलं ते त्याने लिहिलं, ठरवायचं तुमच्या डॉक्टरांनी. एसयूव्हीचा (पेटमध्ये एखादी जागा किती चमकली त्याचा) आकडा साखरेवर, इंजेक्शननंतरच्या वेळेवर, मशीनवर बदलतो; २.१ चा २.६ झाला म्हणून काही ठरत नाही. रात्री गूगल करण्यापेक्षा प्रश्न कागदावर लिहा. डॉक्टरांकडे जाताना दोघं जा : एकाने विचारायचं, दुसऱ्याने लिहायचं.

वाट बघण्याच्या दिवसांत नातेवाइकांचे फोन पेशंटला सोसत नाहीत. एकाने जबाबदारी घ्यावी आणि सगळ्यांना एकच निरोप द्यावा. मदत करणाऱ्याने नेमकं बोलावं. ‘वहिनी, काही लागलं तर सांगा’ म्हणण्यापेक्षा ‘वहिनी, गुरुवारपर्यंत संध्याकाळचा डबा माझ्याकडून, आणि रिपोर्टबद्दल मी विचारणार नाही’ असं. सांभाळणाऱ्यालाही कोणीतरी हवं असतं. बायकोच्या तपासणीच्या आठवड्यात नवऱ्याचं बीपी वाढतं, त्याच्या स्वतःच्या गोळ्या चुकतात. ‘अहो, तुमची गोळी घेतलीत?’ हे तिने विचारणं हीसुद्धा सोबतच आहे, आणि तिला त्यात बरं वाटतं.

वॉर्डात ओळख झालेल्या पेशंटांची एकमेकांना होणारी मदत वेगळीच असते, ती घरच्यांना देता येत नाही. फक्त आकड्यांची तुलना नको : कॅन्सर वेगळा, टप्पा वेगळा, लॅब वेगळी. एकाचा रिपोर्ट स्वच्छ आला आणि त्याच आठवड्यात दुसऱ्याचा बिघडला, तर ज्याचा चांगला आला त्याला फोन करायची लाज वाटते आणि तो गप्प बसतो. गप्प बसू नका. ‘काका, मला कळलं. काय बोलावं सुचत नाही, पण उद्या मी येतो’ इतकं पुरतं. तुम्हाला गुण आलेलं औषध त्यांना सुचवू नका.

इंदूरहून बरेच जण फॉलोअपला मुंबईला, परळच्या टाटा मेमोरियलला जातात. कॅन्सर पेशंटला इलाजासाठी आणि नियमित तपासणीसाठीही रेल्वेची सवलत आहे : स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटला पूर्ण भाडं माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. सेकंड एसीत दोघांनाही ५० टक्के. त्यासाठी हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. मागच्या भेटीतच पुढच्या तारखेचं भरून घ्या. अवंतिका एक्सप्रेस रात्रभरात मुंबई सेंट्रलला पोचवते, पण उतरल्याउतरल्या पेट ठेवू नका. रात्रभराची जाग, एसी डब्यातला गारठा आणि सामान उचलणं, तिन्ही स्कॅनला मारक. मध्ये एक दिवस ठेवा.

आणि रिपोर्टमध्ये शंका निघाली तर? शंका म्हणजे निदान नाही. पुढे साधारण दोनपैकी एक होतं : काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन किंवा सुईची बायोप्सी. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : शंका नेमकी कशाची, कशाने पक्कं होईल, आणि थांबलो तर नुकसान काय. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर रिपोर्टच्या कागदासोबत पहिल्या बायोप्सीच्या काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉकही लागतात. ते मूळ लॅबमध्ये जपलेले असतात, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही आणि हातोहात मिळतीलच असंही नाही. म्हणून अर्ज त्याच दिवशी द्या, किती ब्लॉक आणि किती स्लाइड घेतल्या ते पावतीवर लिहून घ्या, आणि काम झालं की ते परत आणून ठेवायला एक माणूस नेमा.